पाहुणे गप्प बसले तेव्हा

टेबलाखाली धाकट्या भावाचा गुडघा त्याच्या गुडघ्यावर आपटला. चुकून लागलेला गुडघा लगेच मागे जातो. हा तिथेच टेकून राहिला आणि कापडातून त्याची बारीक थरथर त्याला कळत राहिली. टेबलाच्या वर मात्र धाकटा हसतमुख होता. मालकाला शोभेल असा कडक इस्त्रीचा सदरा, पाणी लावून चापून बसवलेले केस, दोन्ही हात टेबलावर. समोर तीन पाहुणे. मधोमध थोरले साहेब, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या डावीकडे खरेदी बघणारा मधल्या वयाचा माणूस, तो स्वतःची नखं न्याहाळत होता. उजवीकडे टिपणं घेणारी तरुण बाई. तिनं पेनाला टोपण लावून पेन वहीवर आडवं ठेवलं होतं. कोणी बोलत नव्हतं. धाकट्यानं आपली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बोलून टाकली होती, थोरल्या भावानं, म्हणजे त्यानं, ती पाहुण्यांच्या भाषेत करून सांगितली होती, आणि त्यानंतर खोलीत ही शांतता येऊन बसली होती.

धाकटा म्हणाला होता, "सगळं तुमच्या मनासारखं करतो. रंग तुमचे, मापं तुमची, खोकी तुमची. एकच गोष्ट माझी. घासकाम इथेच होईल, आणि माझ्याच बायका करतील." बटणांचा कारखाना धाकट्यानं स्वतःच्या हिमतीवर उभा केला होता. शिंगाची आणि लाकडाची बटणं. यंत्रावर चकत्या कापल्या जात, भोकं पाडली जात, भुसा भरलेल्या पिंपात ती तासन्‌तास फिरत, आणि शेवटी पलीकडच्या शेडमध्ये वीस-बावीस बायका एकेक बटण हातात घेऊन त्याची कड कापडावर घासत. हातानं घासलेल्या कडेवर बोट फिरवलं तर बोटाला काहीच लागत नाही, असं धाकटा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा आणि त्याचं बोट धरून फिरवूनही दाखवायचा. हे पाहुणे कोट शिवून देशोदेशी पाठवणारे. ते मिळाले तर कारखान्याला पुढची कित्येक वर्षं मागे वळून बघायला नको. पण शेवटचं घासकाम त्यांच्याकडच्या यंत्रावर व्हावं, असं त्यांनी आधीच सुचवलं होतं. तेवढ्यावरच आजची बैठक होती. सकाळी शेडच्या दारात उभा राहून धाकटा बायकांना म्हणालाही होता, "काळजी करू नका. तुमच्या पोटावर पाय येऊ देणार नाही." त्यावर बायकांची मुकादम, जिला सगळे मावशी म्हणत, ती म्हणाली होती, "आम्ही कुठं काळजी करतोय? काळजी तुमच्याच तोंडावर दिसतीय." बायका हसल्या होत्या आणि धाकटा सगळ्यांत जास्त.

बैठकीत व्यत्यय नको म्हणून धाकट्यानं पिंप बंद ठेवायला सांगितलं होतं. ही एक चूकच झाली, असं थोरल्याला आता वाटलं. ते पिंप चालू असतं तर त्याच्या खडखडाटात ही शांतता एवढी उघडी पडली नसती. आता काय काय ऐकू येत होतं! पंख्याच्या पात्याचा एक फेरीआड होणारा टकटक आवाज, कोणाच्या तरी पोटातली गुरगुर, बहुधा त्याच्याच, आणि धाकट्याच्या नाकातून येणारा श्वास. पण ही शांतता चांगली आहे, हे त्याला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे त्यानं वाचलं होतं. या दोहोंत फरक किती, हा प्रश्न त्याला आयुष्यभर छळत आला होता. तो नोकरी करत होता त्या ग्रंथालयात एका कोपऱ्यातल्या कपाटात या लोकांच्या भाषेतली पुस्तकं होती, कोणी दिलेली कोण जाणे. ती कोणी उघडत नसे. त्या पुस्तकांची त्याला दया आली, खरंच निव्वळ दया, आणि शब्दकोश शेजारी ठेवून तो ती वाचायला लागला. लग्न केलेलं नव्हतं, संध्याकाळी कोणाला जाब द्यायचा नव्हता. पाच-सहा वर्षांत त्याला ती भाषा वाचता यायला लागली आणि पुढे आरशासमोर उभं राहून बोलताही. आरशानं कधी चूक काढली नाही. त्या पुस्तकांतलं एक त्या लोकांच्या रीतीभातींवर होतं. त्यात लिहिलं होतं की आमच्याकडे मोठा माणूस दुसऱ्याचं महत्त्वाचं बोलणं ऐकल्यावर गप्प बसतो. तो समोरच्याचा शब्द तळहातावर घेऊन त्याचं वजन बघत असतो, आणि त्या वेळी ज्याचा शब्द आहे त्यानंच तोंड उघडलं तर तो आपला शब्द परत मागतोय असं समजतात. हे वाक्य त्यानं तेव्हा दोनदा वाचलं होतं. फार आवडलं होतं. अशा देशात आपण जन्माला यायला हवं होतं, असंही वाटलं होतं. पण ते पुस्तक जुनं होतं. ज्यानं लिहिलं तो माणूस केव्हाच गेला असेल. आजकालची माणसं तशी राहिली असतील कशावरून? हा समोरचा डोळे मिटलेला माणूस वजन बघत असेल, किंवा रागावला असेल, किंवा प्रवासानं दमून त्याचा डोळा लागला असेल. आणि आपण तर पुस्तकाच्या भरवशावर एका कारखान्याचं भवितव्य टांगलं आहे.

काल संध्याकाळी त्यानं धाकट्याला हे सगळं सांगितलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघं बसली होती. तो, धाकटा आणि भावजय. नावपत्ता छापलेलं कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, त्यांचं मिळालं की लगेच खिशात न घालता आधी वाचायचं, वाचून टेबलावर समोर ठेवायचं. मोठ्या पाहुण्याला दारापासून लांबची खुर्ची. त्यांनी भेट दिली तर त्यांच्यासमोर उघडायची नाही. धाकट्यानं भावजयीच्या हातात वाणसामानाची चिठ्ठी देऊन दोन्ही हातांनी देण्याचा सराव केला आणि कमरेत इतका वाकला की भावजय म्हणाली, "पुरे, चष्मा पडेल."

"घर माझं, खुर्ची माझी," धाकटा म्हणाला, "आणि बसायचं मात्र त्यांच्या तऱ्हेनं. बरं, अजून काय?"

"अजून म्हणजे, तू महत्त्वाचं काही बोललास की ते गप्प बसतील."

"बसू देत."

"तूही बसायचं."

"किती वेळ?"

"ते बोलेपर्यंत."

"म्हणजे ते गप्प, मी गप्प, आणि तू दुभाष्या, तू कशाचं भाषांतर करणार? हवेचं?"

भावजय हसता हसता म्हणाली, "भावोजी, तुम्ही यांना गप्प बसायला सांगताय? अहो, हे झोपेतसुद्धा बोलतात. परवा गाढ झोपेत कोणाला तरी 'चहा घेणार का' विचारत होते."

"पाहुणा घरात येऊन गप्प बसला तर यजमानानं काय करायचं?" धाकटा म्हणाला. "तोंडाकडे बघत बसायचं? त्याला वाटेल, यांना आपण नको झालोय."

"त्यांना तसं वाटत नाही."

"तुला कसं ठाऊक? तू गेलायस कधी तिकडे?"

धाकट्याला ते लागेल असं बोलायचं नव्हतं, हे त्याला कळलं. धाकटा लगेच म्हणालाही, "तसं नाही रे दादा, तू म्हणतोस तर बसेन की गप्प. जीभ दाताखाली धरून बसेन." आणि खरोखरच जीभ दाताखाली धरून दाखवली. साठीला आलेला माणूस, तोंडातून जीभ काढून आपल्या थोरल्या भावाला हसवतोय. त्याला हसू आलं आणि त्याचबरोबर छातीत काही तरी हललं, कारण अगदी असंच तोंड करून हा सहा-सात वर्षांचा असताना पाटावर बसायचा.

अण्णा, म्हणजे वडील, रागावले की बोलत नसत. इतर मुलांचे वडील ओरडत, एखादी चापट मारत आणि मग प्रकरण मिटे. अण्णांचं तसं नव्हतं. ते ऑफिसातून यायचे, टोपी खुंटीला लावायचे आणि गप्प व्हायचे. कोणाचं काय चुकलं ते सांगायचे नाहीत. जेवायला सगळे ओळीनं बसायचे, आई वाढायची, वाटीत पळी लागल्याचा आवाज तेवढा व्हायचा. अण्णा डोळे अर्धवट मिटून घास चावत राहायचे आणि ती शांतता ताटांवर साय धरल्यासारखी जाड होत जायची. कधी कधी ती आठवडाभर टिकायची. तो स्वतः अशा वेळी आतल्या आत कुठे तरी निघून जायचा. पाठ केलेला एखादा धडा मनात म्हणत बसायचा आणि त्याला बरं वाटायचं. शांततेत राहता येतं हे तो त्याच ताटावर शिकला. धाकट्याला ते जमायचं नाही. त्याचा गुडघा थरथरायला लागायचा, शेजारी बसलेल्या दादाच्या गुडघ्याला लागायचा, आणि मग तो बोलायला लागायचा. काहीही. शाळेतल्या मास्तरांची नक्कल करायचा, आपल्याच फजितीच्या गोष्टी सांगायचा आणि त्यानंही अण्णांचा चेहरा हलला नाही की शेवटी जे केलंच नाही ते कबूल करायचा. "अण्णा, शाई मीच सांडली. अण्णा, खिडकीची काच मीच फोडली." काच फुटलेलीही नसायची. आई मान खाली घालायची. अण्णा पाणी पिऊन उठायचे. पण कधी तरी, दहातून एकदा, त्यांच्या तोंडून "हं" असा आवाज निघायचा, आणि त्या एका हुंकारासाठी धाकटा आपल्याजवळचं काहीही द्यायला तयार असायचा. भोवरा, खाऊ, स्वतःचा खरेपणासुद्धा. पुढे त्याच बोलण्यावर त्यानं कारखाना काढला. गिऱ्हाइकाच्या तोंडावर जराशी सावली आली की हा बोलायला लागे आणि ती सावली जाईपर्यंत थांबत नसे. लोक म्हणत, काय गोड माणूस आहे!

थोरल्या साहेबांनी डोळे उघडले नव्हते. त्यांच्या हाताची बोटं मात्र टेबलावर ठेवलेल्या एका बटणाच्या कडेवरून फिरत होती. सावकाश, एक वेढा, दुसरा वेढा. ते बटण हातानं घासलेलं होतं. थोरल्या भावाला ते दिसलं. पुस्तक खरं होतं! तो माणूस खरंच वजन बघत होता. अजून थोडं, अजून थोडा वेळ, असं तो मनात म्हणायला लागला. धाकट्याला हे दिसतंय का? धाकट्याचे डोळे बोटांवर नव्हते. ते त्या मिटलेल्या पापण्यांवर खिळले होते आणि त्याच्या ओठाच्या कडेला हसू तसंच ताणून धरलेलं होतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखं. गुडघ्याची थरथर वाढली. आपण टेबलाखाली हात नेऊन त्याच्या गुडघ्यावर ठेवावा. एवढंच. बोलायचं काही नाही, फक्त हात ठेवायचा, म्हणजे त्याला कळेल. पण दोघांचे हात टेबलावर दिसताहेत. आपला हात खाली गेला तर ती तरुण बाई बघेल. भाऊ-भाऊ टेबलाखालून खाणाखुणा करताहेत असं तिला वाटेल. शिवाय आजवर त्यानं धाकट्याला असा हात कधी लावला नव्हता. त्या पाटावरसुद्धा लावला नव्हता. इतक्या वर्षांनी हात लावला तर त्याचा अर्थ धाकटा काय घेईल? दचकून "काय झालं?" असं मोठ्यानं विचारेल. तो तसाच आहे. हात टेबलावर राहिला. त्याला तो आपला हात वाटेना. कोणी तरी तिथे ठेवून गेलेली वस्तू वाटली.

"म्हणजे," धाकटा म्हणाला.

त्यानं घसा साफ केला आणि हसला. "म्हणजे, तसा माझा काही हट्ट नाही हो."

थोरल्या साहेबांची बोटं थांबली.

"मी आपलं माझ्या मनातलं सांगितलं," धाकटा आता थांबणार नव्हता. "तुम्हाला अडचणीत टाकायचं म्हणून नव्हे. घासकाम तुमच्याकडे करायचं म्हटलंत तरी काही बिघडत नाही. यंत्रं आहेत तुमच्याकडे, चांगलीच असतील. बायकांचं काय, बायकांचं मी बघेन. त्याची चिंता तुम्ही करू नका. दादा, सांग ना."

त्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि डोळ्यांत ती जुनी आशा. आता एक हुंकार येईल.

"दादा, सांग ना रे त्यांना."

पाहुण्यांपैकी कोणालाही आपली भाषा येत नव्हती. धाकट्याला त्यांची येत नव्हती. या खोलीत दोन्ही भाषा कळणारा एकच माणूस होता, आणि हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला उंच जागी उभं राहिल्यासारखी भोवळ आली. आपण म्हणू शकतो: माझा भाऊ विचारतोय, चहा मागवू का. आपण म्हणू शकतो: माझा भाऊ पुन्हा सांगतोय, घासकाम इथेच होईल. कोणाला कळणार आहे? आयुष्यात पहिल्यांदाच काही तरी त्याच्या हातात आलं होतं. आणि तेवढ्यात दुसरं मन म्हणालं, तू कोण? कारखाना त्याचा, शब्द त्याचा, घर त्याचं, ज्याच्या मागच्या खोलीत तू निवृत्त झाल्यापासून राहतोस. तू एक पुस्तक वाचलंस म्हणून तो बोललेलं तू बदलणार? आणि समज, ते डोळे मिटलेले साहेब खरंच रागावलेले असतील आणि उठून जातील, तर? मग ज्यानं माघार घेऊन सगळं सावरलं होतं, त्याचा शब्द तू गिळलास असं होईल. ग्रंथालयात असताना पुस्तकात छापखान्याची चूक दिसली तरी तो पेन्सिलीनंसुद्धा दुरुस्त करत नसे. लिहिणाऱ्याला तसंच म्हणायचं असलं तर, असं त्याला वाटे. खरेदीवाला माणूस त्याच्याकडे बघत होता. तरुण बाईनं पेनाचं टोपण काढलं.

तो बोलायला लागला. आणि वाईट गोष्ट ही की तो फार चांगलं बोलला. सकाळपासून दोन-तीनदा तो अडखळला होता, शब्द शोधत राहिला होता. आता त्या भाषेतली सगळ्यात नम्र, सगळ्यात डौलदार वळणं आपण होऊन जिभेवर आली. माझ्या भावाचा आग्रह नाही. आपली अडचण होऊ नये एवढीच त्याची इच्छा. घासकाम आपल्याकडे न्यावं, त्याला त्याची हरकत नाही. बोलताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता आणि तो आवाज त्याला आवडत होता, हेही त्याच्या ध्यानात आलं.

थोरल्या साहेबांनी डोळे उघडले. बटणावरचा हात उचलून त्यांनी मांडीवर घेतला. मग त्यांनी धाकट्याकडे पाहून मान खाली केली, बरीच खाली, आणि एक लहानसं वाक्य बोलले.

"काय म्हणाले?" धाकट्यानं विचारलं.

"तुझं मन मोठं आहे म्हणाले."

धाकट्यानं खुर्चीला पाठ टेकली. त्याचा गुडघा शांत झाला. पुढचं सगळं झरझर झालं. मापं, रंग, पहिला माल कधी, खोक्यांवर काय छापायचं. चहा आला. धाकट्यानं मास्तरांची नक्कल करावी तशी आपल्या पहिल्या यंत्राची गोष्ट सांगितली, ते कसं बटणांऐवजी भुगाच काढायचं, आणि दादानं ती जमेल तशी पाहुण्यांना सांगितली. खरेदीवाला माणूस मनापासून हसला. थोरले साहेबही हसले, पण उशिरा, आणि धाकट्याच्या चेहऱ्याकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. ज्याला आपण ओळखतो असं वाटलं आणि तो दुसराच कोणी निघाला अशा माणसाकडे बघावं तसे. की हाही आपल्याच मनाचा खेळ?

निघताना दोन्ही साहेब गाडीत बसले. धाकटा पलीकडून गाडीच्या खिडकीत वाकून त्यांना रस्ता समजावत होता, हातवाऱ्यांनी. तरुण बाई वही छातीशी धरून थोरल्या भावाजवळ थांबली. आपण इतकं छान बोलता, कुठे शिकलात, असं तिनं विचारलं. पुस्तकांतून, असं तो म्हणाला. तिला ते खरं वाटलं नसावं. मग तिनं आवाज खाली आणला.

"आपल्या भावाचे आमच्याकडून विशेष आभार सांगा," ती म्हणाली. "साहेब ती अट मान्य करणार होते. त्यांना जड जात होतं, तिकडे परत गेल्यावर बऱ्याच जणांना समजावावं लागलं असतं. पण ते करणार होते. काही मान्य करायचं असलं की ते असेच खूप वेळ गप्प बसतात. आपल्या भावानं स्वतःहून त्यांना मोकळं केलं. असं कोणी करत नाही."

ती वाकली. तोही वाकला. कसं वाकायचं ते त्याला पाठ होतं. गाडी फाटकातून बाहेर गेली, वळली, आणि तो अजून जमिनीकडेच बघत होता. तिथे शिंगाची एक अर्धवट कापलेली चकती मातीत रुतली होती.

"काय म्हणाली रे ती?" धाकटा हात पुसत आला.

"तुझे आभार मानले."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" त्यानं दादाच्या पाठीवर थाप मारली. "अरे, तो म्हातारा उठून चालला होता. मी बघितलं ना! डोळे मिटले, पापणी हलेना, म्हटलं आता गेलं. अगदी आपले अण्णा. मला तर घाम फुटला. तू म्हणालास गप्प बस, पण दादा, काही वेळा पुस्तकातलं बाजूला ठेवावं लागतं. रागावू नको हं."

"नाही."

"तसंच अडून बसलो असतो तर सगळंच गेलं असतं. हो ना?"

धाकटा त्याच्याकडे बघत होता. चेहरा लाल, डोळे ओले, आणि त्या प्रश्नात शेवटी एक लहानसा खड्डा होता, ज्यात पाय पडला असता तर तो कुठवर गेला असता कोण जाणे. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगणं, हे त्याचं आजचं कामच होतं. निरोप दिलेला होता, पोचवायला सांगितलेला होता. आपण तो सांगितला तर हा माणूस पुन्हा कधी झोपेत कोणाला चहा विचारणार नाही. पण तो निरोप आपल्याकडे ठेवून घ्यायचा अधिकार तरी आपल्याला कोणी दिला? मघाशी एवढा प्रामाणिक होतास ना?

"हो," तो म्हणाला.

धाकट्यानं सुस्कारा सोडला. शेडकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. सदऱ्याच्या बाह्या गुंडाळायला लागला, एक गुंडाळली, ती पुन्हा सोडली. "दादा, एक काम करशील? बायकांना तू सांग. मी सांगायला गेलो तर त्या काही बोलणार नाहीत, नुसत्या बघत बसतील, आणि मग मी तिथं काय काय कबूल करून बसेन माझं मलाच ठाऊक नाही. तुझं ऐकतात त्या. तू शिकलेला माणूस. नीट शब्दांत सांग. मी त्यांच्यासाठी करीन काही तरी, हेही सांग." आणि नाही म्हणायला वेळ न देता तो ऑफिसात शिरला. आतून त्याचा फोनवरचा आवाज यायला लागला, भावजयीला सांगत होता, हसत होता.

शेडमध्ये लांब लांब बाकांवर बायका बसल्या होत्या. प्रत्येकीसमोर कापड, कापडावर बटणांची रास. तो दारात दिसला तशा त्या थांबल्या. मावशीनं हात पदराला पुसले आणि उठून पुढे आली. "या दादा. गेले का पाहुणे? कसले गोरेमोरे होऊन उभे आहात, बसा तरी." एकीनं आपलं स्टूल पुढे सरकवलं. तो बसला नाही. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि उभ्यानं सांगण्यासारखंही नव्हतं. भुशाचा वास नाकात भरला. त्यानं वाक्य जुळवलं.

"पाहुण्यांशी बोलणं समाधानकारक झालं आहे," तो म्हणाला. "पुढल्या काळात कामाचा व्याप वाढणार आहे. त्या दृष्टीनं, पाहुण्यांची सोय लक्षात घेता, अखेरच्या टप्प्याची व्यवस्था त्यांच्याकडे करावी असं ठरलं आहे. त्यामुळे इथल्या रचनेत काही बदल..."

बायका लक्ष देऊन ऐकत होत्या. मागच्या बाकावरची एक शेजारणीला म्हणाली, "चांगलं झालं म्हणतायत." शेजारणीनं मान डोलावली.

"दादा," मावशी म्हणाली, "हे तुम्ही पाहुण्यांच्याच भाषेत बोलताय होय? आम्हाला कळेल असं सांगा की." बायका हसल्या. मावशीही हसत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते. ते त्याच्या तोंडावर होते.

"घासकाम जाणार, मावशी," तो म्हणाला. "इथे राहणार नाही."

हसणं सगळीकडे एकदम थांबलं नाही. ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्या थोडा वेळ हसत राहिल्या.

"पण मालक त्यांना सांगणार होते ना, घासकाम आम्हीच करणार म्हणून?"

"सांगितलं त्यानं."

"सांगितलं?"

"हो. स्पष्ट सांगितलं. पहिल्यांदा तेच सांगितलं."

"मग? मग काय म्हणाले ते?"

त्यानं तोंड उघडलं. काय म्हणाले ते? हे तर त्याला अगदी बिनचूक सांगता येत होतं. आज दिवसभरात एवढं बिनचूक त्याला दुसरं काहीच येत नव्हतं.

"काही म्हणाले नाहीत," तो म्हणाला.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. गप्प बसले."

मावशीनं मान हलवली, सगळं कळल्यासारखी. मग ती मागे वळली आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "नाही म्हणाले ते." त्याला हात वर करून तिला थांबवावंसं वाटलं, नाही, तसं नव्हे, असं काही तरी ओठांपर्यंत आलं. पण तसं नव्हे म्हटलं की मग कसं, ते सांगावं लागलं असतं, आणि ऑफिसातून धाकट्याचं हसणं अजून ऐकू येत होतं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. कोणी ओरडलं नाही. एका बाईनं हातातलं बटण कापडावर फिरवायला सुरुवात केली होती, ते तिनं घासून पुरं केलं, झालेल्यांच्या राशीत टाकलं आणि दुसरं उचलायचं की नाही हे न कळून तिचा हात तसाच राहिला.

"मग उद्या यायचं का?" तिनं विचारलं.

ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं.